पुण्याहून साताऱ्याला: किती वाचतं आणि कुठं जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला २९ हजार भाड्याच्या टू-बीएचकेत राहणारं तिघांचं कुटुंब. नवरा हिंजवडीत आयटीत, वर्षाला १६ लाख. विचारणाऱ्या ताई एका खासगी शाळेत शिक्षिका, हातात ३२ हजार. मुलगी दुसरीत. सासर कोरेगाव तालुक्यात. कंपनीनं दोन पर्याय दिलेत. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला या आणि पगार तोच ठेवा, नाहीतर पगारात १५ टक्के कपात घ्या आणि कायमचं घरून काम करा. ताईंनी एका संकेतस्थळावर दोन्ही शहरांची तुलना केली, तर सातारा ४५ टक्के स्वस्त दिसलं. त्यांचा पुण्यातला महिन्याचा खर्च १ लाख २ हजार. "म्हणजे साताऱ्यात ५६ हजारांत भागेल, आणि १५ टक्के कपात सहज परवडेल. बरोबर ना?"

नाही, ताई. ५६ हजारांत भागणार नाही. साताऱ्याला यावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कदाचित "या" असंच निघेल. पण ४५ टक्क्यांच्या भरवशावर येऊ नका.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ बसतो. चोवीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतोय. करोनानंतर पुण्याहून परत आलेली बरीच कुटुंबं माझ्याकडं येतात. काही बस्तान बसवून आहेत, काही वर्षा-दीड वर्षात सामान बांधून परत गेली. परत गेलेल्यांपैकी एकाला तर मीच सल्ला दिला होता, आणि तो चुकला होता. त्याबद्दल पुढं सांगतो.

आधी त्या ४५ टक्क्यांचं बघू. अशा संकेतस्थळांवरचे भाव बहुतेक वेळा वाचणाऱ्यांनीच स्वतःहून भरलेले असतात. पुण्यासाठी ढिगानं नोंदी असतात, साताऱ्यासाठी बोटावर मोजण्याइतक्या. पण नोंदी भरपूर असत्या तरी मूळ घोटाळा राहतोच. ती तुलना सरासरी कुटुंबाची असते, आणि सरासरी कुटुंब तुमच्यासारखं नसतं. केंद्र सरकारचं २०२३-२४ चं कौटुंबिक खर्चाचं सर्वेक्षण बघा. शहरी माणसाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४० टक्के, आणि घरभाड्याचा फक्त साडेसहा टक्क्यांच्या आसपास. भाडं इतकं कमी का? कारण या देशात बहुतेक घरं स्वतःच्या छपराखाली आहेत, त्यांच्या वहीत भाड्याची ओळच नसते. तुमच्या वहीत भाडं २८ टक्के आहे आणि किराणा, दूध, भाजी मिळून १७ टक्के. चित्र अगदी उलटं.

काही जण महागाईचा निर्देशांक घेऊन येतात. त्यानंही हे काम होत नाही. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २०१६ साल १०० धरून काढतात, प्रत्येक केंद्राचा वेगळा. समजा पुण्याचा आकडा १४० आहे आणि सोलापूरचा १४५. याचा अर्थ सोलापूर महाग असा होत नाही. २०१६ पासून सोलापुरात भाव जास्त वेगानं चढले, एवढाच होतो. शिवाय त्या केंद्रांच्या यादीत पुणे आहे, सोलापूर आहे. साताराही नाही आणि सांगलीही नाही.

मग मापायचं कशानं? मी लोकांना एक साधी गोष्ट दाखवतो: केंद्र सरकार आपल्या बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला काय देतं. महागाई भत्ता देशभर एकाच टक्क्यानं मिळतो, पुण्यातल्या कारकुनाला जितका तितकाच साताऱ्यातल्याला. बदलतो तो घरभाडे भत्ता. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग केलेत. पुणे एक्स वर्गात, सांगली वाय वर्गात, सातारा झेड वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. मूळ पगार ५० हजार असेल तर पुण्यात १५ हजार, सांगलीत १० हजार, साताऱ्यात ५ हजार. दुसरा बदलतो तो वाहतूक भत्ता. ठरावीक १९ शहरांत तो जास्त मिळतो, त्यात पुणं आहे. म्हणजे सरकारी हिशेबात गाव बदललं की दोनच गोष्टी बदलतात, डोक्यावरचं छप्पर आणि रोजची ये-जा. बाकीचा फरक गावाचा नसतो, राहण्याच्या पद्धतीचा असतो. माझा अनुभवही हेच सांगतो, म्हणून मी हिशेब नेहमी भाड्यापासून सुरू करतो आणि रस्त्यावर संपवतो.

आता तुमची वही. तुम्ही पाठवलेले आकडे असे: भाडं २९ हजार. किराणा, दूध, भाजी १७ हजार. भांडी-पोळ्यांच्या मावशी साडेसहा हजार. शाळेची फी आणि बस ११ हजार. पेट्रोल ७ हजार. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट साडेपाच हजार. हॉटेल, सिनेमा, मॉल ८ हजार. गाडीचा हप्ता साडेनऊ हजार. विमा आणि औषधं ५ हजार. किरकोळ साडेतीन हजार. बेरीज बरोबर येते, आणि हिशेब इतका स्वच्छ ठेवलाय हे बघून बरं वाटलं.

भाडं. शाहूपुरी, गोडोली, सदर बझार, करंजे या बाजूंना तुमच्या आत्ताच्या घराएवढा फ्लॅट माझ्याकडं आलेल्या अलीकडच्या करारांत ९ ते १४ हजारांत दिसतो. लिफ्ट, पार्किंग आणि बऱ्यापैकी नवी इमारत असं सगळं हवं तर १२ हजार धरा. पुण्यातल्यासारखा जिम आणि पोहण्याचा तलाव मिळणार नाही. आठ-दहा फ्लॅटची इमारत असेल आणि पाण्याची मोटर कुणी चालू करायची यावरून अधूनमधून वाद असेल. घर बघायला जाल तेव्हा पाणी कुणाचं येतं ते विचारा. साताऱ्यात काही भागाला पालिकेचं पाणी आहे, कासच्या तलावाचं किंवा शहापूर योजनेचं, आणि काही भागाला जीवन प्राधिकरणाचं. वेळा वेगळ्या, बिलं वेगळी. २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत हे जास्तच चौकसपणे विचारा. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे मालकाला विचारू नका, खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा. १२ हजार धरले तर इथं १७ हजार वाचले. तुमच्या एकूण बचतीचा निम्मा भाग हा एवढाच आहे.

किराणा. तेलाचा डबा, बिस्किटं, साबण, शाम्पू यांच्यावर छापील किंमत एकच असते. उलट पुण्यातल्या मोठ्या दुकानांत ज्या सवलती मिळतात त्या इथं कमी. स्वस्त होतं ते दूध आणि भाजी, तेही तुम्ही रतीब लावला आणि राजवाड्याजवळच्या मंडईत गेलात तर. सुपरमार्केटातूनच भाजी घेणार असाल तर फरक विसरा. सासर कोरेगावकडं आहे म्हणजे वाघ्या घेवडा, शेंगा, ज्वारी घरातून येईल, त्याचे पैसे कुणी घेणार नाही. दोन हजार कमी धरतो, त्याहून जास्त धरायचा धीर होत नाही.

वीज दोन्हीकडं महावितरणचीच. घरगुती युनिटचा दर साताऱ्यासाठी वेगळा नाही. बिल कमी येईल ते एसी लागत नाही म्हणून. पण नवरा घरून काम करणार, म्हणजे दिवसभर पंखा, संगणक, आणि एक लाइन बंद पडली तर दुसरी हवी म्हणून दोन इंटरनेट जोडण्या. पावसाळ्यात वीज जाते, त्यासाठी इन्व्हर्टर. हे सगळं एकमेकांत जिरतं. साडेपाच हजार तसेच ठेवा.

मावशी साडेतीन हजारांत मिळतील, पण पोळ्यांना माणूस मिळायला महिना-दोन महिने जातात, ते आधीच सांगून ठेवतो. शाळा आणि रिक्षाकाका मिळून साडेसहा हजार. शाळेचं नाव मी सुचवणार नाही, त्यात दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागतात. गावातल्या गावात पेट्रोल ३ हजार पुरेल. साताऱ्यात कुठूनही कुठं जायला दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटं. पेट्रोलचा दर मात्र इथं कमी नाही, पुण्याच्या आगेमागेच असतो. हॉटेल आणि मॉल साडेचार हजार, कारण जायला जागाच कमी. याला मी बचत म्हणायला जरा कचरतो. पहिले सहा महिने ती बचत वाटते, नंतर तेवढ्यासाठी पुण्याला चक्कर होते.

गाडीचा हप्ता, विमा, किरकोळ यात एक रुपयाचा फरक पडत नाही. व्यवसाय करही राज्यभर तोच, वर्षाला २,५०० रुपये. गाडीचा एमएच-१४ किंवा एमएच-१२ नंबर बदलून एमएच-११ करून घ्यावा लागतो अशी एक समजूत आहे. तशी गरज नाही. राज्य तेच आहे, आरसी बुकावरचा पत्ता बदलला की झालं.

बेरीज केली तर १ लाख २ हजारांचे ६८ हजार झाले. ३४ हजार वाचले, म्हणजे ३३ टक्के. इथपर्यंत हिशेब सगळेच करतात. त्या अशिलाला मीही इथंच थांबवलं होतं. वहीतल्या जुन्या ओळी कमी करून दिल्या आणि "या, खुशाल या" म्हणालो. नव्या ओळी जन्माला येतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चौदा महिन्यांनी तो परत पुण्याला गेला. जाताना भांडला नाही, फक्त वर्षभराचं बँकेचं स्टेटमेंट टेबलावर ठेवून गेला. ते मी अजून जपून ठेवलंय. त्यात दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात: महामार्गावरचे पेट्रोल पंप आणि आहेर.

आहेराची गोष्ट गमतीची नाही. वाकडला असताना कोरेगावकडच्या बारशाला "सुट्टी नाही हो" असं सांगता येतं, आणि समोरचाही समजून घेतो. साताऱ्यात राहायला आलात की तुम्ही वीस-पंचवीस किलोमीटरवर. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, गावची यात्रा, दहावं, तेरावं, सगळीकडं जायचंच. शिवाय साताऱ्याला कोर्टाचं, दवाखान्याचं, कॉलेजच्या प्रवेशाचं काम निघालं की पाहुणे तुमच्याच घरी जेवणार. सिव्हिलला कुणी अॅडमिट असलं तर डबा तुमच्याकडून. हे वाईट आहे असं अजिबात नाही, पुष्कळ जण याच कारणासाठी परत येतात आणि मुलांना आजी-आजोबा मिळतात. पण त्याला पैसे लागतात. महिन्याला ४ हजार धरा. लग्नसराईत दुप्पट होतील, पितृपक्षात हात मोकळा राहील.

दुसरी ओळ पुण्याच्या चकरांची. मुलीचा डोळ्यांचा डॉक्टर पुण्यात, तुमची बहीण पुण्यात, खरेदी पुण्यात, कंपनीची तिमाही बैठक पुण्यात. महिन्याला दोन चकरा होतातच. सातारा ते पुणे अंदाजे ११० किलोमीटर. जाऊन-येऊन २२० झाले, गावात फिरणं वेगळं. लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका चकरीला १,४५० च्या आसपास. टोल आणि चहा-नाश्ता धरून दोन चकरांचे साडेतीन हजार. एसटीनं गेलात तर बरंच कमी, त्यात तुम्हाला स्वतःला निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, आणि सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढं असतील तर त्यांना मोफत. साताऱ्याहून स्वारगेटला विनाथांबा गाड्या दिवसभर असतात. पण लहान मूल आणि पिशव्या घेऊन तीन माणसं एसटीनं जातात का, तर नाही जात. मी लोकांची स्टेटमेंटं बघतो, त्यामुळं ठाम सांगतो.

तर ६८ हजारांवर हे साडेसात हजार चढले. साडेपंचाहत्तर हजार. खरी बचत साडेसव्वीस हजार, म्हणजे २६ टक्के.

आता कपातीकडं येऊ. १६ लाखांचे १५ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, महिन्याला २० हजार. घाबरण्याआधी कर बघा. नव्या करप्रणालीत १६ लाखांवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १५ लाख २५ हजार, आणि कर उपकरासह १,१३,१०० रुपये. पगार १३ लाख ६० हजार झाला की करपात्र १२ लाख ८५ हजार, कर ७५,६६०. म्हणजे ३७,४४० रुपये करात वाचले. हातात येणारी घट महिन्याला २० हजार नव्हे, १६,९०० च्या आसपास.

आणि इथं एक गोष्ट आहे जी कंपनीचा एचआर स्वतःहून सांगणार नाही. तुम्ही १२ लाखांच्या उंबरठ्यापासून फक्त ८५ हजार वर आहात. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळं कर शून्य होतो. कंपनीनं तुमच्या नावानं एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरलेली रक्कम, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होते. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा धरला तर ६ लाख ८० हजार, त्याचे १४ टक्के ९५,२००. त्याच १३ लाख ६० हजारांतून एवढी रक्कम एनपीएसकडं वळवून मागितली तर करपात्र उत्पन्न ११,८९,८०० होतं आणि कर शून्य. हातात येणारी रक्कम वर्षाला १९-२० हजारांनी आणखी कमी होईल, पण ९५ हजार तुमच्या नावावर साठतील. ते बराच काळ अडकतात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. आणि एक खोच: बँकेचं व्याज वगैरे धरून वरचं उत्पन्न १० हजारांच्या पुढं गेलं तर १२ लाखांची रेघ ओलांडली जाते. मग सीमांत सवलत मिळते, म्हणजे रेघेच्या वर जेवढं उत्पन्न त्याहून जास्त कर लागत नाही, पण कर शून्य राहत नाही. ठेव असेल तर आधी मोजा.

मला कपातीत खुपतं ते वेगळंच. पगारवाढ पुढं कमी झालेल्या आकड्यावर मिळणार. मूळ पगार खाली आला तर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही खाली येतात. उद्या नोकरी बदलायला गेलात तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार, "सध्या किती घेता?" आणि "कायमचं घरून काम" हा शब्द किती कायमचा असतो ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी बघितलंय. दोन वर्षांनी साहेब बदलला आणि "या परत ऑफिसला" म्हणाला तर कपात परत मिळेल का? नेमणूकपत्रात तसं लिहून घेता आलं तरच या पर्यायाचा विचार करा.

दुसरा पर्याय, पगार पूर्ण ठेवायचा आणि आठवड्यात दोन दिवस हिंजवडी. दोन दिवस सलग मागून घ्या, मंगळवार-बुधवार वगैरे. रोज येऊन-जाऊन करायचा विचारही करू नका. खंबाटकी आणि कात्रज-नवले पूल बाजूची गर्दी एका दिवसात दोनदा म्हणजे पाठीचा मणका गहाण ठेवणं आहे. एक रात्र पुण्यात मुक्काम, आठवड्याला एकच फेरी. साताऱ्याहून हिंजवडी १२५ किलोमीटर धरा, फेरी २५० ची. पेट्रोल महिन्याला ७,१०० च्या आसपास. मुक्काम रात्रीला १,२०० धरला तर ५,२००. बाहेरचं जेवण दोन हजार. वर्षाला गाडी १३ हजार किलोमीटर जास्त पळणार, तर टायर-सर्व्हिसिंगचे दीड हजार. टोलला फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ३ हजार रुपये होता, २०० वेळा टोल ओलांडा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. वाटेत आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन नाके, म्हणजे एका फेरीत चार वेळा. पासात ५० फेऱ्या बसतात आणि वर्षाचे आठवडे ५२, जणू तुमच्यासाठीच बेतलाय. घरच्या चकरा त्याच पासातून केल्या तर मात्र दिवाळीनंतर पुन्हा भरावा लागेल.

एकूण १६ हजार. म्हणजे कपातीत जातात १६,९०० आणि प्रवासात जातात १६ हजार. पैशांत दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच. पण प्रवासाचा खर्च तुमच्या हातात आहे. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या बायपासवरून वाकडवरूनच जातात, एसटीनं गेलं आणि मुक्काम मावसभावाकडं केला तर हाच खर्च सात-आठ हजारांवर येतो. कपातीचा आकडा कुणाच्या ओळखीनं कमी होत नाही. त्यामुळं माझं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनं आहे, निदान पहिलं वर्ष तरी. वर्षभरानं अंगाला झेपत नाही असं वाटलं तर कपात घेता येईल. उलटं करता येत नाही.

आता खरा मुद्दा. ताई, तुमच्या प्रश्नात नवऱ्याचा पगार चार वेळा आला आहे आणि तुमचा एकदाच, तोही ओळख करून देताना. पुढं हिशेबात तुम्ही स्वतःचे ३२ हजार धरलेच नाहीत. साताऱ्याला आलात की वाकडची शाळा सुटणार. कपातीचा पर्याय घेतला तर साडेसव्वीस हजारांतून १६,९०० जाऊन ९,६०० उरतात, प्रवासाचा घेतला तर साडेदहा हजार. यातून ३२ हजार वजा करा. दोन्हीकडं महिन्याला २१-२२ हजारांचा खड्डा.

हे मी भीती घालायला सांगत नाही. साताऱ्यात शाळा पुष्कळ आहेत, रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालयच इथं आहे, शिक्षणाच्या बाबतीत गाव मागासलेलं नाही. पण विनाअनुदानित शाळा काय पगार देतात ते माझ्याकडं येणाऱ्या फॉर्म १६ वरून मला दिसतं. पुण्यात ३२ हजार घेणाऱ्या शिक्षिकेला इथं १४ ते १८ हजार सांगतात, आणि वर "घराजवळ आहे ना मॅडम" असं ऐकवतात. तुमच्यासाठी रेघ २२ हजारांवर आहे. इथं २२ हजार किंवा त्याहून जास्त मिळाले तर स्थलांतर पैशांत तोट्याचं नाही. १६ हजार मिळाले तर महिन्याला साडेपाच-सहा हजार खिशातून जातील, आणि मग तो खर्च कशासाठी करतोय हे तुम्ही दोघांनी मोकळेपणानं बोलून घ्यावं. आजी-आजोबा, मोकळी हवा, नवऱ्याचा हिंजवडीच्या सिग्नलला न जाणारा वेळ, यांच्यासाठी सहा हजार मला जास्त वाटत नाहीत. पण ते सहा हजार आहेत हे माहीत हवं. एक मधला रस्ता काही शिक्षिकांनी काढलाय: सकाळी इथली शाळा आणि संध्याकाळी पुण्यातल्याच विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवणी. जुन्या शाळेतले पालक तुम्हाला ओळखतात, ती ओळख वाकडला टाकून येऊ नका.

म्हणून पुढचा क्रम असा ठेवा की आधी तुमच्या नोकरीची विचारपूस, मग घर. लोक बरोबर उलटं करतात. घर आधी ठरतं, कारण ते बघायला मजा येते.

थोडं कागदपत्रांबद्दल. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. साताऱ्यात अजून "पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, कशाला खर्च" म्हणणारे मालक भेटतात. ऐकू नका. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरी भागात हजार रुपये, सगळं घरबसल्या होतं. करारात एक महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल असं कलम घालून घ्या. पुण्यातलं घर सोडताना अनामत रक्कम कधी परत मिळणार तेही लेखी घ्या, कारण इथली अनामत, टेम्पो, गॅस जोडणी, पडदे, इन्व्हर्टर मिळून पहिल्या महिन्यात लाख-सव्वा लाख बाहेर जातात. म्हणजे पहिल्या वर्षाची बरीचशी बचत शिफ्टिंगच खातं.

आरोग्य विम्याचं कागद काढून बघा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. स्वस्त झोनच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण महागड्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याला भरावा लागतो. साताऱ्यात साधं दुखणं-खुपणं छान निभावतं, मोठं काही निघालं की लोक कराडला किंवा पुण्यालाच जातात. त्यामुळं हप्त्यात दोनशे रुपये वाचवायला झोन बदलू नका. पत्ता बदलल्याचं मात्र कळवा.

तुमचा पुण्यात फ्लॅट नाही, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा असेल. तो भाड्यानं देऊन इकडं येणार असाल तर दोन गोष्टी. पुणे महापालिका मालमत्ता करात जी ४० टक्क्यांची सवलत देते ती स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे. भाडेकरू ठेवलात की ती जाते, आणि लपवलंत तर पुढं फरकाचं बिल येतं. मिळणाऱ्या भाड्यातून ३० टक्के वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. गृहकर्जाचं व्याज वजा होतं ते भाड्याच्या उत्पन्नापुरतंच, तोटा पगारातून वळता करता येत नाही. सांगलीकडं जाणाऱ्यांनी याशिवाय कृष्णेच्या पुराची रेषा बघूनच घर घ्यावं. २०१९ आणि २०२१ मध्ये गावभागात आणि शामरावनगरात काय झालं ते तिथल्या कुणालाही विचारा. तिथलं स्वस्त भाडं कधीकधी त्या पाण्यामुळंच स्वस्त असतं. विश्रामबागेकडं दोन हजार जास्त गेलेले परवडतात.

तुमच्या बाबतीत वेळेचं एवढंच. शाळांच्या मुलाखती आणि प्रवेश बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये उरकतात, तुमच्याही आणि मुलीच्याही. दिवाळीच्या सुट्टीत सासरी याल तेव्हा चार शाळांत अर्ज देऊन जा, आणि पगाराचा आकडा तोंडी न घेता लेखी मागा. तो हातात आला की मला कळवा, २२ हजारांची रेघ मी तुमच्या नवऱ्याच्या पगारपत्रकावरून पुन्हा एकदा मोजून देईन. मूळ पगार निम्मा आहे हे मी धरून चाललोय, तिथं आकडा थोडा इकडंतिकडं होईल. आणि सामान हलवायचं ठरलंच तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हलवा. महिन्याच्या शेवटी टेम्पोवाले भाव वाढवतात, आणि जूनच्या पावसात शाहूपुरीच्या चढावर कपाट उतरवायला माणसं मिळत नाहीत.